मित्रांच्या घरच्या चांगल्या सवयी आपल्या घरात रुळवताना

एकाच छताखाली राहूनही चार-चार दिवस एकमेकांशी धड बोलणं होत नाही, ही जाणीव बहुतेक घरांना कधी ना कधी होतेच. नवा संसार मांडलेल्यांना होते, पहिलं मूल झालेल्यांना होते, मुलं मोठी होऊन दारं लावून बसायला लागली की पुन्हा होते. आणि कोणी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी लांब गेलं की फारच टोचते. अशा वेळी आपण स्वतःच काहीतरी नवं योजायला बसतो. त्यापेक्षा सोपी आणि भरवशाची वाट म्हणजे ओळखीच्या एखाद्या घरात जे खरंच चालतंय ते विचारून घेणं. तिथली माणसं आपण पाहिलेली असतात, त्यांची ओढाताण आपल्याला माहीत असते, आणि अडलं तर पुन्हा विचारता येतं.

मात्र उसनं घेताना बहुतेक जण अर्धंच घेतात. मित्राच्या घरी काय करतात ते विचारतात, पण सगळे दमलेले असताना, भांडण झालेलं असताना, पाहुणे आलेले असताना ते कसं टिकतं हे विचारत नाहीत. चांगल्या दिवशी कुठलाही बेत जमतो. एखादी सवय घरात राहणार की महिन्याभरात विरून जाणार, हे वाईट दिवशीच ठरतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये हा एक प्रश्न हाताशी ठेवा: ज्या दिवशी काहीच जमत नाही, त्या दिवशी याचं काय होतं?

आधी आपलं घर बघा

आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त लक्ष ठेवा. उठणं, बाहेर पडणं, परत येणं, जेवणं, झोपणं हे दिवसाचे सांधे असतात. कोणत्या सांध्यावर घरातली किमान दोन माणसं एका जागी येतात, ते टिपून ठेवा. बऱ्याच घरांत असं एखाद-दुसरं ठिकाण आधीच असतं, फक्त त्याकडे कोणाचं लक्ष गेलेलं नसतं. सकाळी चपला घालतानाची दोन मिनिटं, कपड्यांच्या घड्या घालतानाचा वेळ, कोणाला तरी सोडायला जातानाचा रस्ता.

मग एका वाक्यात लिहा की नेमकं काय कमी पडतंय. ‘मुलगी घरी आल्यावर तिचं ऐकायला कोणी नसतं.’ ‘आम्ही दोघं फक्त कामांबद्दल आणि बिलांबद्दल बोलतो.’ ‘आईला फोन करायचा रोज राहून जातो.’ या तीन दुखण्यांवर एकच औषध चालणार नाही. हे वाक्य न लिहिता विचारायला गेलात, तर समोरच्याकडचं जे सगळ्यात गोड दिसेल ते उचलून आणाल आणि आपल्या घरी त्याचं काय करायचं ते कळणार नाही.

कोणाला विचारायचं

सगळ्यात नीटनेटकं दिसणारं घर टाळा. आपल्यासारख्या अडचणी असलेलं घर शोधा. मुलांची वयं जवळपास तीच, कामाच्या वेळा तशाच वेड्यावाकड्या, घरात वडीलधारी माणसं असतील तर त्यांच्याकडेही असावीत. ज्यांच्याकडे दोघंही संध्याकाळी सहाला घरी येतात, त्यांची संध्याकाळची रीत रात्रपाळीच्या घरात चालत नाही, मग ती कितीही सुंदर असो.

त्याशिवाय आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षं पुढे असलेलं एक घर जरूर धरा. ज्यांची मुलं आता मोठी झाली आहेत, ते मागे वळून सांगू शकतात की केलेल्या खटाटोपातलं काय उरलं. त्यांची उत्तरं अनेकदा अनपेक्षित असतात. आईवडिलांनी मोठ्या हौसेने आखलेली सहल मुलांना आठवत नाही, पण रोज दिवा मालवताना म्हटलेलं एक ठरलेलं वाक्य आठवतं.

मैत्रिणीने आपणहून सांगितलेलं आणि आपण होऊन विचारलेलं यात फरक पडतो का? पडतो, असं दाखवणारा एक अभ्यास आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी, ज्यांत केटी मिल्कमन आणि अँजेला डकवर्थ होत्या, २०२० साली व्यायाम वाढवू पाहणाऱ्या लोकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना सांगितलं की ओळखीच्या माणसाची एखादी युक्ती स्वतः शोधा आणि उचला. काहींना तशीच दुसऱ्या कोणीतरी शोधलेली युक्ती आयती दिली. पुढच्या आठवड्यात स्वतः शोधून उचलणाऱ्यांचा व्यायाम जास्त झाला. प्रयोग व्यायामाचा होता, कुटुंबाचा नव्हे. तरी मला त्यातून हे दिसतं की युक्तीइतकंच तिच्यासाठी केलेलं विचारणंही महत्त्वाचं असतं. कोणाला विचारायचं, काय घ्यायचं हे आपण ठरवलं की ती गोष्ट आपली होते.

विचारायचं कसं

इथे घाई करू नका. ‘तुम्ही घरी काय काय करता?’ असं विचारलं की समोरचा माणूस त्याच्या घराची उत्तम बाजू सांगतो. त्यात खोटेपणा नसतो, प्रश्नच तसा असतो. त्याऐवजी एका खऱ्याखुऱ्या दिवसाबद्दल विचारा. ‘परवा रात्री तुमच्याकडे नेमकं काय झालं? कोण आधी बसलं? बोलायला सुरुवात कोणी केली?’ मग चित्र दिसायला लागतं.

मी आवर्जून विचारते ते प्रश्न असे:

ही सुरुवात कोण करतं, आणि ती व्यक्ती घरी नसेल तर?
याला खरंच किती वेळ लागतो, कमीत कमी किती चालतो?
कोणाला हे आवडत नव्हतं? त्याचं तुम्ही काय केलंत?
याच्या आधी काय करून पाहिलं होतं जे सुटलं?
मध्ये खंड पडला होता का? परत कसं सुरू झालं?

शेवटून दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. सुटलेल्या गोष्टींबद्दल कोणी आपणहून सांगत नाही, पण विचारलं की मोकळेपणाने सांगतात, आणि त्यातून तुमचे कित्येक आठवडे वाचतात. जमलं तर त्या घरातल्या मुलांनाही विचारा. ‘तुमच्याकडे रविवारी संध्याकाळी सगळे मिळून चालायला जातात ना, तुला त्यातलं काय आवडतं?’ आईवडील सांगतील की गप्पा होतात. मूल सांगेल की कुठल्या रस्त्याने जायचं ते मी ठरवतो. ती सवय कशावर उभी आहे ते तुम्हाला मुलाच्या उत्तरात सापडेल.

उलगडून बघा, मग शिवा

मिळालेली कल्पना तशीच्या तशी लावू नका. दुसऱ्याच्या मापाचा कपडा उसवून आपल्या अंगाला बेतावा लागतो, तसं तिचं करावं लागतं. तीन भाग वेगळे करा. हेतू काय, खूण कोणती, आणि किमान रूप कोणतं. हेतू म्हणजे यातून माणसांना काय मिळतं. खूण म्हणजे ज्यावरून सुरुवात होते ती घटना. किमान रूप म्हणजे वाईट दिवशीही होऊ शकेल एवढा लहान तुकडा.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. मैत्रिणीच्या घरी रात्रीच्या जेवणाला प्रत्येक जण दिवसातली एक बरी आणि एक जड गोष्ट सांगतो. ऐकायला छान. तुमच्या घरी मात्र एक जण आठवड्यातले तीन दिवस रात्री कामावर असतो, चौदा वर्षांच्या मुलाला सगळ्यांदेखत काही बोलायचं नसतं आणि धाकटी पाच मिनिटंसुद्धा एका जागी बसत नाही. जेवणाच्या टेबलाशी अडून बसलात तर आठवडाभरात सोडून द्याल. आता उलगडून बघा. हेतू हा की प्रत्येकाचं कोणीतरी ऐकावं. खूण जेवणाची. किमान रूप दोन वाक्यांचं.

हेतू तोच ठेवून बाकीचं बदलता येतं. दाराजवळ एक वही ठेवा. घरातून निघणारा किंवा परत येणारा त्यात एक ओळ लिहितो, पुढचा ती वाचून खाली उत्तर देतो. रात्रपाळीवाला पहाटे परतल्यावर मुलाची ओळ वाचतो. मुलाला तोंडाने जे सांगता येत नाही ते लिहिता येतं. धाकटीला लिहिता येत नसेल तर ती चित्र काढते. वाईट दिवशी नुसती तारीख आणि एक शब्द. मैत्रिणीने पाहिलं तर तिला हे आपल्याकडचं आहे असं कदाचित ओळखूही येणार नाही, आणि ते योग्यच आहे.

खुणेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नवख्या घरांत बहुतेक गोष्टी इथेच अडतात. ‘रोज वेळ काढून बोलू’ हा संकल्प टिकत नाही, कारण त्याला टांगायला खुंटी नसते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात हे नीट मांडलं: ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा शब्दांत ठरवलेली गोष्ट नुसत्या इच्छेपेक्षा जास्त वेळा घडते. म्हणून घड्याळातल्या वेळेपेक्षा आधीच रोज घडणारी घटना धरा. साडेनऊ वाजले की, याऐवजी दात घासून झाले की. रविवारी सकाळी, याऐवजी चादरी बदलून झाल्या की.

घरच्यांना विश्वासात घ्या

‘त्यांच्याकडे बघा कसं सगळे एकत्र बसतात’ या वाक्याने सुरुवात करू नका. ही तुलना ऐकली की जोडीदाराला बोल लावल्यासारखं वाटतं आणि मोठ्या मुलांना आपल्यात काहीतरी कमी आहे असं वाटतं. कल्पना कुठून आली ते लपवू नका, पण आपल्या गरजेपासून सुरू करा. ‘तू घरी आल्यावर मला तुझ्याशी बोलायचं असतं आणि ते राहून जातं. एका मैत्रिणीकडे ते असं करतात. आपण थोडे दिवस करून बघू का? नाही आवडलं तर बंद करू.’ बंद करायची मुभा आधीच दिली की हो म्हणणं सोपं जातं, आणि ती मुभा खरी असली पाहिजे.

प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्या. लहान मुलाला कोणी आधी बोलायचं ते ठरवू द्या. आजी-आजोबांना फक्त प्रेक्षक करू नका, त्यांना एखादा प्रश्न विचारायचा मान द्या. किशोरवयीन मुलांशी समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी-शेजारी राहून बोलणं सहसा सोपं जातं. चालताना, गाडीत, भांडी पुसताना. नजरेला नजर द्यावी लागत नाही म्हणून शब्द सुटतात. आणि त्यांनी गप्प राहायचं ठरवलं, तर गप्प राहूनही सोबत असण्याची परवानगी ठेवा.

किती दिवसांनी रुळेल?

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्यावर विसंबू नका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे मागोवा घेतला. २०१०च्या त्यांच्या शोधनिबंधाप्रमाणे एखादी कृती आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा काळ १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत होता (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे हा नोंदींवरून काढलेला अंदाज होता). एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. आणि या एकेकट्याच्या साध्या सवयी होत्या, जसं ठरावीक वेळी पाणी पिणं. चार-पाच माणसांच्या घराला त्याहून जास्त सवड द्या.

एका वेळी एकच गोष्ट घ्या. तीन मित्रांकडून तीन कल्पना आणून एकाच सोमवारी सुरू केल्या, तर गुरुवारपर्यंत घर वैतागतं.

खंड पडला तर तो मोजत बसू नका. दुसऱ्या दिवशी किमान रूप करा, न बोलता, न रागावता. दोन-तीन आठवडे सलग सुटलं, तर मात्र खूण बदलली आहे का ते पाहा. शाळेची वेळ बदलली, कामाची पाळी बदलली, कोणी आजारी पडलं. खूण नाहीशी झाली की तिच्यावर टांगलेलं सगळं खाली येतं, त्यात कोणाच्या प्रेमात खोट नसते. नवी खूण शोधली की काम पुन्हा सुरू होतं.

आणि काही गोष्टी खरोखर सोडून द्यायच्या असतात. बार्बरा फीझ आणि सहकाऱ्यांनी २००२ साली कौटुंबिक दिनक्रमांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात त्यांनी केलेला भेद मला फार उपयोगी वाटतो. दिनक्रम सांगतो की काय करायचं आहे. घरची रीत सांगते की आपण कोण आहोत. दिनक्रमात खंड पडला तर गैरसोय होते, रीत मोडली तर माणसांना चुकल्यासारखं वाटतं. दोन-तीन महिन्यांनी घरात विचारून बघा: हे बंद केलं तर कोणाला चुकल्यासारखं वाटेल? एकही हात वर झाला नाही तर खुशाल थांबवा. एक जरी वर झाला, तरी त्या एकासाठी ते कुठल्या रूपात ठेवता येईल ते बघा.

लांबच्या माणसांसाठी

दूर राहणाऱ्यांशी संपर्क ठेवायच्या कल्पना मित्रांकडून घेताना एक गोष्ट आधी पारखा: त्यात आवाज आहे का? गट करून रोज सुप्रभात पाठवणं म्हणजे जोडलेलं राहणं, असं अनेकांना वाटतं, पण शंभर पुढे ढकललेल्या चित्रांखाली आत्याचा खरा निरोप गाडला जातो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना जुन्या मित्राशी फोनवर किंवा ईमेलने पुन्हा संपर्क साधायला सांगितलं होतं. फोनवर अवघडल्यासारखं होईल असं लोकांना आधी वाटत होतं. प्रत्यक्षात तसा अवघडलेपणा आला नाही आणि जवळीक फोनवरच जास्त जाणवली. चेहरा दिसण्यापेक्षा आवाज ऐकू येणं जास्त महत्त्वाचं ठरलं. तेव्हा व्हिडिओ जमत नाही, केस विंचरलेले नाहीत, घर पसरलेलं आहे, या कारणांनी फोन टाळू नका.

एका मित्राकडून घेतलेली आणि मला फार आवडलेली रीत अशी: फोन लहान ठेवायचा, पण ठरलेल्या खुणेवर करायचा. कामावरून निघाल्यावर घरी पोचेपर्यंत वडिलांशी बोलायचं, दार आलं की ठेवायचा. बोलणं संपवायचं कारण आपोआप मिळतं, म्हणून सुरू करायची भीती वाटत नाही. वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्यांनी आवाजाचे निरोप वापरावेत. एकाची सकाळ, दुसऱ्याची रात्र असली तरी दोन मिनिटांचा निरोप वाट बघत थांबतो.

‘काय चाललंय?’, ‘ठीक’, ‘तुमचं?’, ‘ठीक’ यापुढे गाडी सरकत नसेल तर जुन्या गोष्टी विचारा. एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २० साधे प्रश्न तयार केले होते: आईवडील कसे भेटले हे तुला माहीत आहे का, आजी-आजोबा कुठे वाढले, घरावर कोणता वाईट प्रसंग आला होता, अशा धर्तीचे. ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती त्यांचा आत्मविश्वास आणि आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे ही भावना जास्त बळकट दिसली. आता उत्तरं घोकून घेतल्याने हे होत नाही, असं ड्यूक यांनीच बजावलं आहे. ती उत्तरं मुलांपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं कोणीतरी बसून गोष्टी सांगाव्या लागतात, आणि बळ त्या सांगण्यातून येतं. म्हणून आठवड्यातून एकदा नातवाने एकच प्रश्न विचारावा आणि आजोबांनी त्याला हवं तेवढं लांब उत्तर द्यावं. परवानगी घेऊन ते उत्तर ध्वनिमुद्रित करून ठेवा, तारीख आणि प्रश्न नावात लिहून. हे पुढे कधीतरी करू म्हणून ठेवू नका.

बाकी काही लहान गोष्टी, ज्या ज्यांच्याकडे चालतात त्यांच्याकडे वर्षानुवर्षं चालतात: घरात शिरल्यावर सगळ्यांना भेटून होईपर्यंत फोन पिशवीतच, महिन्याला एकच छायाचित्र निवडून त्याखाली एक ओळ, दर वाढदिवसाला एक पत्र, जे पाकिटात जपून ठेवायचं, आळीपाळीने एका पालकाने एकाच मुलाबरोबर बाहेर जायचं, आणि रविवारी वीस मिनिटं पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक सगळ्यांनी मिळून बघायचं. यातलं शेवटचं रुक्ष वाटतं, पण ‘मला कोणी सांगितलंच नाही’ या एका वाक्यावरून होणारी भांडणं त्यामुळे कमी होतात.

ज्यांच्याकडून घेतलं त्यांना कळवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. तुमच्या घरी ती कल्पना रुळली, की मित्राला सांगा. नुसतं आभार मानू नका, काय बदललंत ते सांगा. इतक्या दिवसांनी उगाच काय कळवायचं, असं वाटेल. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं की अचानक आलेला असा निरोप समोरच्याला किती आवडतो, याचा अंदाज पाठवणारे सहसा कमीच बांधतात.

त्यांच्या घरातलं जे खासगी कानावर पडलं ते मात्र तिथेच ठेवा. कल्पना पुढे सांगायला हरकत नाही, पण ती कुठल्या भांडणातून जन्मली किंवा त्यांच्या कुठल्या मुलाला आवडत नव्हती, हे दुसऱ्या घरात पोचता कामा नये. एकदा तसं झालं की पुढच्या वेळी तुम्हाला फक्त चांगल्या दिवसाची हकिकत ऐकायला मिळेल.

आणि कळवताना विचारा की त्यांच्याकडे ते अजून चालू आहे का. कधी उत्तर येतं की मधल्या काळात सुटलं, मुलगी वसतिगृहात गेली, जेवायला आता दोघंच असतो. तेव्हा तुमचं बदललेलं रूप त्यांना देऊन बघा. दाराजवळची वही दोन गावांमध्ये टपालाने फिरू शकते, नाहीतर रोज रात्री आवाजाचा एक निरोप, एक बरी आणि एक जड गोष्ट.